कनात धरणारी माणसं

फिनलंडच्या उत्तरेतल्या सोदांक्यूला या गावात जून महिन्यात सूर्य मावळत नाही, फक्त खाली उतरतो. तो सगळ्यात खाली कधी येतो ते बघावं म्हणून पहिल्या रात्री बाराच्या ठोक्याला मी तंबूबाहेर येऊन उभी राहिले. तंबू सिनेमा महोत्सवाचा, मी तिथं स्वयंसेवक. दारावर माझ्याबरोबर ड्यूटीला सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे बघितलं. "अजून सव्वा तास आहे," म्हणाले. इथल्या घड्याळात खरी मध्यरात्र सव्वा वाजता होते. सगळ्या फिनलंडला वेळ एकच, त्यात उन्हाळ्यात काटे तासभर पुढं सरकवलेले, त्यामुळे सूर्य आपला घड्याळाच्या मागंच राहतो.

मग हात लांब करून त्यांनी मला तंबू समजावला. दहाच्या खेळाला उजेड या कोपऱ्यातून घुसतो. एकच्या खेळाला त्या पलीकडच्या बाजूनं. पहाटेचा खेळ असेल तर तिकडच्या शिवणीवर लक्ष ठेवायचं. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. पुढचे चार दिवस ते रीळ बांगडीसारखं माझ्या मनगटात होतं.

माझं काम एवढंच होतं. तिकिटं बघायची, कनात उचलून माणसं आत सोडायची, कनात पाडायची, आणि आतल्या अंधाराला कुठं भोक पडलेलं दिसलं की ते बुजवायचं.

नोकरीनिमित्त मी औलूला राहते. तिथून सोदांक्यूला साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. आर्क्टिक वृत्त ओलांडूनही आणखी सव्वाशे किलोमीटर वर जायचं. आगगाडी तिथपर्यंत जातच नाही. रोव्हानिएमीनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाइन आणि बर्चची झाडं, मधूनच दलदल, आणि रस्त्यावर निवांत उभी असलेली रेनडिअरं. गाडी थांबवायची आणि त्यांची मर्जी होईपर्यंत वाट बघायची. सोदांक्यूला नगरपालिकेचं क्षेत्रफळ आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. साताऱ्यात तीस लाख माणसं राहतात आणि इथं आठ हजारांच्या आसपास. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला क्षणभर भीती वाटली होती. एवढ्या मोकळ्या जागेत माणसं एकमेकांना सापडत तरी कशी असतील?

वर्षातले पाच दिवस ती इथं सापडतात. १९८६ पासून दर जूनमध्ये, बुधवार ते रविवार, इथं मिडनाइट सन फिल्म फेस्टिव्हल भरतो. दिवसरात्र सिनेमे. गावातलं लापिनसू नावाचं एक थिएटर, शाळेची व्यायामशाळा, एक मोठा तंबू आणि एक लहान तंबू. सकाळी दहाला पहिली गप्पांची बैठक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा खेळ सुटतो तेव्हा पुढच्या बैठकीची वेळ होत आलेली असते. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत, लाल गालिचा नाही. दिग्दर्शक चिखलातून चालत तंबूत येतो आणि त्याच्या जॅकेटवर तेवढेच डास बसलेले असतात जेवढे माझ्या.

डासांना इथं वेगळा शब्द आहे, रॅक्का. डास, चिलटं, चावऱ्या माश्या, सगळ्यांचं मिळून एकच नाव. उन्हाळा म्हटला की रॅक्का आलाच, म्हणून त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पाऊस, चिखल आणि बैलपोळा यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी तक्रार करत नाही तसंच.

कल्पना मूळ आन्सी मॅन्त्तॅरी या दिग्दर्शकाची, १९८५ सालची. आकी आणि मिका कौरिस्माकी हे दोघे भाऊ त्यात आले. तेव्हा दोघंही तरुण होते, हातात थोडेच सिनेमे होते. सोदांक्यूला नगरपालिका पाठीशी उभी राहिली. आणि चौथे होते पीटर फॉन बाग, सिनेमाचे इतिहासकार, ज्यांनी पुढं २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत या महोत्सवाची धुरा वाहिली. हेलसिंकीतली ही माणसं. हेलसिंकीत सिनेमा दाखवणं सोपं होतं. तिथं थिएटरं होती, वर्तमानपत्रं होती, विमानतळ होता. ती सगळी सोय सोडून साडेनऊशे किलोमीटर वर, जिथं रात्रीचा अंधारसुद्धा मिळत नाही अशा ठिकाणी, त्यांनी पडदा लावला.

या अंधाराच्या गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येते, कारण मला हा महोत्सव तिथूनच कळला.

माझा मामा तंबू टॉकीजच्या दारावर होता. दिवाळी झाली की ट्रक निघायचा तो वैशाखातल्या शेवटच्या जत्रेपर्यंत फिरत राहायचा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ, पौषात पालीचा खंडोबा. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, ट्रकच्या खिडकीतून निघालेला झोत थेट तंबूतल्या पडद्यावर. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे दोरी. खाली मातीवर बसायचं, घरून पोतं आणलं असेल तर पोत्यावर. मी सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत आजोळी गेले की मामा मला पुसेगावला घेऊन जायचा आणि बायकांच्या अंगाला दारापाशी बसवायचा. म्हणजे त्याला मी दिसायची आणि मला तो.

तिथं सिनेमा सुरू व्हायचा तो दिवस मावळल्यावरच. तंबूच्या कापडातून उजेड पाझरतो, उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून सगळी जत्रा सूर्य बुडायची वाट बघायची. लाउडस्पीकरवर गाणी वाजत राहायची, तिकिटाच्या खिडकीपाशी झुंबड उडालेली असायची, आणि मामा पश्चिमेकडे बघत उभा असायचा. अंधार हा त्याच्या धंद्यातला भागीदार होता, आणि तो रोज वेळेवर यायचा.

सोदांक्यूलात तो येतच नाही. तो हातानं करावा लागतो. दारावरचे माझे सोबती, मी त्यांना मनात आजोबा म्हणत होते, या गावचेच. कितवं वर्ष विचारलं तर म्हणाले, मोजलेलं नाही. पण कुठल्या वर्षी जूनमध्ये बर्फ पडला, कुठल्या वर्षी वाऱ्यानं दोर सुटले, हे सगळं तोंडपाठ. तंबू उभा राहिला की ते एकटेच आत जातात, सगळ्यांना बाहेर थांबायला सांगतात, कनाती पाडून घेतात आणि मधोमध उभे राहून गरागरा फिरतात. जिथं जिथं चांदणी दिसते तिथं तिथं बोट दाखवतात. बाहेरचा माणूस कापडावरून हात फिरवत जातो, हाताची सावली त्या भोकावर आली की आतून हाक येते, मग पट्टी. अर्धा-पाऊण तास हे चालतं. घराच्या कौलांतून गळतं कुठं ते पावसाआधी शोधतात ना, अगदी तसं. फरक एवढाच की इथं गळतो तो उजेड.

फिनिश लोकांकडे या कामाला एक शब्द आहे, ताल्कोत. पैशाशिवाय, एकत्र जमून, एकाचं किंवा सगळ्यांचं काम उरकणं. कुणाच्या कोठाराचं छप्पर घालायचं, कुणाचं गवत कापायचं, आणि काम झालं की ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. मला कुणीतरी हे इंग्रजीत समजावून सांगायला लागलं तेव्हा मी मधेच थांबवलं आणि म्हटलं, आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. नांगरटीला आठ-दहा जणांनी आपापली बैलजोडी घेऊन एकाच्या रानात उतरायचं, दिवसभरात रान उलथून टाकायचं, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. आता इर्जिक हा शब्द आमच्या गावातही म्हाताऱ्यांच्याच तोंडी राहिलाय, कारण बैलच राहिले नाहीत. ताल्कोत मात्र जिवंत आहे. महोत्सवाची सगळी स्वयंसेवक मंडळी ही ताल्कोतला आलेली माणसं आहेत. विद्यार्थी, परिचारिका, निवृत्त शिक्षक, दुकानातली मुलगी. एकजण दक्षिणेतून रात्रभर गाडी चालवत आली होती आणि आल्या आल्या तिला भांडी धुवायला लावलं. तिनं बाह्या वर केल्या. रात्री बटाट्याचं आणि मांसाचं गरम सूप, राईचा काळा पाव. शाळेच्या वर्गात जमिनीवर गाद्या, खिडक्यांना आतून काळी प्लॅस्टिकं, कारण झोपायलाही अंधार लागतोच.

या गावाला पाहुण्यांची सवय आहे असं मात्र नाही. १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं लॅपलंड, म्हणजे फिनलंडचा हा उत्तरेकडचा मुलूख, जाळत नेला, त्यात सोदांक्यूलाही गेलं. १६८९ साली बांधलेलं लाकडी चर्च मात्र वाचलं. राखेच्या रंगाचं, बुटकं, किटिनेन नदीच्या काठी. बाकीचं गाव बहुतेक युद्धानंतरचं, सरळसोट, डोळ्यांत भरणारं असं काही नसलेलं. त्या चर्चसमोर बसलं की समजतं, इथल्या माणसांना हातानं उभं केलेलं टिकवायची सवय कुठून आली असेल. हा माझा अंदाज आहे, पण मी तो सोडायला तयार नाही.

पीटर फॉन बाग यांना मी पाहिलेलं नाही, मी इथं उशिरा आले. पण त्यांची खुर्ची अजून तिथं आहे असं वाटतं. सकाळी दहाच्या बैठका त्यांनी सुरू केल्या. शाळेच्या व्यायामशाळेत, समोर शेकडो माणसं रात्रभर जागून तांबारलेल्या डोळ्यांनी बसलेली, आणि पाहुण्याला पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही पाहिलेला पहिला सिनेमा कुठला? सॅम्युएल फुलर, मायकेल पॉवेल, मिलोश फॉर्मन, अब्बास किआरोस्तामी, फ्रान्सिस फोर्ड कपोला, असे जगभरचे मोठे दिग्दर्शक त्या गावात येऊन गेले. प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारला की मोठ्यात मोठा माणूस आधी सहा-सात वर्षांचा होतो. कुणाच्या बोटाला धरून गेलो, तिकीट कुणी काढलं, भीती कशाची वाटली. कारकिर्दीबद्दल बोलायला आलेला माणूस आपल्या आईबद्दल बोलायला लागतो. या बैठकांच्या चित्रणातून फॉन बाग यांनी पुढं एक मोठा माहितीपटही केला.

मला त्यांच्यातला आयोजक फार जवळचा वाटतो. त्यांनी पुस्तकं लिहिली, माहितीपट केले, फिनिश चित्रपट संग्रहालयात काम केलं, २००१ पासून बोलोन्यातल्या जुन्या सिनेमांच्या महोत्सवाचीही सूत्रं सांभाळली. आणि दीर्घकाळ एक नियतकालिक चालवलं, 'फिल्मीहुल्लु'. हुल्लु म्हणजे वेडा. सिनेमावेडा. हे नियतकालिक १९६८ साली निघालं. त्याच वर्षी मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू झाली होती. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. पण कुठलं तरी सभागृह भाड्यानं घ्यायचं, दूतावासातून रिळांचे डबे मागवायचे, स्टेशनवरून ते स्वतः उचलून आणायचे, चार पानांची माहिती छापून वाटायची, हे सगळं दोन्हीकडे तसंच चाललेलं होतं. दोन तासांच्या सिनेमाची रिळं पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातात. आपल्याकडे फिल्म सोसायटी चालवणारी जी माणसं मी कॉलेजात असताना पाहिली, त्यांच्या हातांवर त्या डब्यांच्या कड्यांचे वळ असायचे. सिनेमा सुरू झाला की ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. बसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. तेव्हा मला वाटायचं, यांना हा सिनेमा आधीच पाहून कंटाळा आला असेल. आता समजतं की ती पडद्याकडे बघतच नसायची. ती आमच्याकडे बघायची.

सोदांक्यूलात एका रस्त्याला फुलर यांचं नाव आहे. पहिल्याच वर्षी, १९८६ मध्ये, आले होते ते. अमेरिकन दिग्दर्शक, तोंडात सिगार, वय चौऱ्याहत्तरच्या जवळपास. त्या रस्त्याच्या पाटीखाली उभं राहून लोक फोटो काढतात. मीही काढला. पण परत फिरताना मनात आलं, त्या वर्षी त्यांना इथवर कुणी आणलं असेल, गाडी कुणी चालवली असेल, रात्री झोप येत नाही म्हणून खिडकीला जाड पडदा कुणी लावून दिला असेल. त्या माणसाच्या नावाचा रस्ता नाही आणि त्याला तो नकोही असेल. मला मात्र त्याचं नाव कळायला आवडलं असतं.

उत्तरेकडच्या या महोत्सवांची माणसं त्या त्या जागेच्या आकाशाशी कशी वागतात, हे बघण्यासारखं आहे. सोदांक्यूलाच्या उत्तरेला दोनशे किलोमीटरवर इनारी. तिथं १९९९ पासून जानेवारीअखेर सामी या इथल्या मूळ रहिवाशांचा आणि जगभरातल्या आदिवासी समाजांचा चित्रपट महोत्सव होतो, 'स्काब्मागोवात'. सामी भाषेत स्काब्मा म्हणजे ध्रुवीय रात्र आणि गोवात म्हणजे चित्रं. तिथं अंधार फुकट आहे, म्हणून थिएटर बर्फाचं करतात. पडदाही बर्फाचा, भिंतीही, बसायला बर्फाचे ओटे आणि त्यावर रेनडिअरची कातडी. तापमान उणे तीसला गेलं तरी माणसं बसून राहतात. एका जानेवारीत मी तिथं प्रेक्षक म्हणून गेले होते. माझ्या शेजारी एक सामी आजी बसल्या होत्या, निळ्या पोशाखात, लाल किनारीच्या. पडद्यावर त्यांच्याच भाषेत कुणी बोलायला लागलं की त्या मान डोलवायच्या, कीर्तनाला बसल्यासारखं. ज्यांच्यावर इतरांनी कॅमेरे रोखले त्यांनीच आता कुठला सिनेमा दाखवायचा ते ठरवायचं, यासाठी हा महोत्सव आहे. आयोजनाचा इतका नेमका अर्थ मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

नॉर्वेत ट्रॉम्सोला १९९१ पासून जानेवारीत महोत्सव होतो, सूर्य क्षितिजावर यायच्या आधीच्या दिवसांत. भर चौकात, उघड्यावर, दुपारी मुलांना सिनेमा दाखवतात. दुपारी! मामाला हे सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नव्हता.

आणि स्वीडनमधल्या योतेबोरीचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९७९ पासूनचा, नॉर्डिक देशांतला सर्वांत मोठा महोत्सव. २०२१ च्या हिवाळ्यात साथीमुळे थिएटरं बंद होती. आयोजकांनी सगळे सिनेमे घरोघर ऑनलाइन पोचवले आणि शिवाय एक जागा ठेवली: समुद्रातल्या हामनेशेर नावाच्या खडकाळ बेटावर, पाटर नोस्टर दीपगृहाशेजारच्या घरात, एका माणसानं आठवडाभर एकट्यानं राहायचं. फोन नाही, पुस्तक नाही, सोबत फक्त महोत्सवातले सिनेमे. बारा हजारांच्या वर अर्ज आले. निवड झाली ती रुग्णालयातल्या तातडीच्या विभागात काम करणाऱ्या एका परिचारिकेची. जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी गंमत म्हणून छापून आली. मला ती गंमत वाटली नाही. वर्षभर दुसऱ्यांच्या श्वासांवर नजर ठेवून थकलेल्या बाईला कुणीतरी म्हटलं, तू ये, बस, तुझ्यासाठी पडदा लावतो. एका माणसासाठी लावलेला पडदाही महोत्सवच असतो, हे त्या आयोजकांना पटलेलं होतं.

शनिवारच्या रात्री मोठ्या तंबूत मुका सिनेमा होता. समोर वादक बसून वाजवणार. हा खेळ इथं फार मानाचा. बाहेर तासभर आधी रांग लागली होती. संध्याकाळभर पाऊस झाला होता आणि कापड ओलं होतं. खेळ सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, ढग फाटले. दाराच्या डाव्या हाताला, दोन कनाती जिथं एकमेकींवर येतात तिथं फट पडली, आणि त्या फटीतून उन्हाची एक पट्टी निघाली ती माणसांच्या डोक्यांवरून थेट पडद्याच्या कडेला जाऊन बसली. काळ्यापांढऱ्या चित्रावर पिवळीजर्द रेघ.

मी मनगटातलं रीळ काढलं. ओल्या कापडावर पट्टी धरेना. एकदा लावली, सुटली. दुसऱ्यांदा लावली, सुटली. कपड्यांचे चिमटे आणायला आजोबा धावले. तोवर मी दोन्ही कनाती मुठीत एकत्र धरल्या आणि अंगानं रेटून उभी राहिले. रेघ गेली. कुणी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चिमटे आले, पण जाड कापडाला ते पुरेनात. आजोबांनी खालचा भाग धरला, मी वरचा. आम्ही दोघं पडद्याकडे पाठ करून, तोंड ओल्या कापडात, तसेच राहिलो. ओल्या तंबूचा वास मला थेट पुसेगावात घेऊन गेला. मातीचा, मेणाचा, दोरखंडाचा.

आणि मी तो सिनेमा ऐकला. मुका सिनेमा. पियानो धावायला लागला की कुणी तरी कुणाच्या तरी मागं लागलंय. मग एकदम थांबला, आणि सातआठशे माणसांनी श्वास धरला तेही ऐकू आलं. पुढच्या रांगेत एक लहान मूल हसलं, त्याच्यामागून सगळा तंबू हसला. मधेच व्हायोलिन एकटंच राहिलं, फार वेळ, आणि माझ्या पाठीमागं कुणीतरी नाक ओढलं. त्यात माणूस होता की बाई, मेलं कोण, भेटलं कोण, मला आजतागायत माहीत नाही. मुद्दाम शोधलं नाही. खांदे भरून आले होते. आजोबांच्या पांढऱ्या केसांतून पाणी निथळत होतं आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, हे असंच ऐकत आलेत, न मोजलेल्या सगळ्या वर्षांत.

टाळ्या वाजल्या तेव्हा आम्ही हात सोडले. माणसं बाहेर पडली आणि नेहमीसारखी दारात थबकली. मध्यरात्र उलटून गेलेली आणि समोर लख्ख ऊन. हा क्षण मी चार रात्री दारातून बघितला, प्रत्येक खेळानंतर, आणि प्रत्येक वेळी नव्यानं बघितला. डोळ्यांवर हात धरतात, एकमेकांकडे अनोळखी असूनही हसतात, काहीजण नुसतेच उभे राहतात, कुठं जायचं ते विसरल्यासारखे. दीड-दोन तास त्यांच्याभोवती खरा अंधार होता. तो आम्ही धरून ठेवला होता, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

साडेतीनच्या सुमाराला पुढच्या खेळाआधी थोडी सवड मिळाली. तंबूच्या मागं उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून मी मामाला फोन लावला. तिकडं सकाळचे सहा. धारा काढायची वेळ, तो जागा असणार हे माहीत होतं. फोन उचलल्या उचलल्या मागं म्हशीचा आवाज, बादलीचा आवाज.

"एवढ्या राती जागी?" म्हणाला.

"रात्र नाही मामा, ऊन पडलंय."

"मग पिच्चर कसा दावता?"

मी त्याला सांगितलं. कनाती, शिवणी, ओलं कापड, पट्टी धरेना ते, चिमटे, आजोबा. तो मधे मधे "हां" म्हणत होता, जाणकार माणूस म्हणतो तसं. "आतनं दोन दोन घड्या घालायच्या," म्हणाला, "आन् घडीत काठी सारायची. काठीला काठी बांधली की फट ऱ्हात न्हाई." एवढं साधं होतं. मी ते लगेच हातावर पेनानं लिहून घेतलं, आजोबांना सांगायला.

मग मी त्याला ते विचारलं, जे सकाळी दहा वाजता त्या व्यायामशाळेत मोठमोठ्या माणसांना विचारतात. "मामा, तू पाहिलेला पहिला सिनेमा कुठला?"

दारावर सोळा हंगाम काढलेला माणूस. लहानपणी मी त्याला एकदा म्हटलं होतं, तूही आत बस ना माझ्याजवळ. तेव्हा म्हणाला होता, "दारावरचा मानूस पिच्चर बघत बसला तर दार कुनी बघायचं?"

बादलीचा आवाज थांबला. जरा वेळ तो काहीच बोलला नाही.

"पाह्यलेला इचारतीस का ऐकलेला?"

"ऐकलेला सांग."

तो सांगायला लागला. म्हसवडची जत्रा, थंडी अशी की दोरावर दव साचलेलं, आत गच्च माणूस, आणि एका बाईचा आवाज, कुणाला तरी हाक मारणारा. कुणाला ते त्याला आजही ठाऊक नव्हतं. पण ती हाक कशी होती ते त्यानं मला फोनवर काढून दाखवलं, हळू आवाजात, म्हैस बिचकू नये म्हणून. समोरून आजोबांनी हात केला. रांग पुढं सरकायला लागली होती. मी फोन कानाला तसाच धरून उठले आणि दुसऱ्या हातानं कनात उचलली.